ताणावर धरलेली बाग

डाळिंबाच्या झाडाला मुद्दाम उपाशी ठेवावं लागतं, हे शहरातल्या माणसाला पटवून देणं फार अवघड. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात मी एकदा जेवणाच्या सुट्टीत हे सांगायला गेले, तर डबा खाता खाता सगळ्याजणी माझ्याकडे असं बघायला लागल्या, जणू आमच्या घरी पोरांनाही उपाशी ठेवत असावेत. पण खरं आहे ते. फळं हवी असतील तर आधी झाडाचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडायला लागली की औषध फवारून उरलीसुरली पानंही गाळायची. झाड नुसत्या काड्यांचं होऊन उभं राहतं. याला ताण देणं म्हणतात. झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की ते जीव तोडून फुलतं. माणसाशी कुणी असं वागलं तर मी त्याच्या घरी पाणीसुद्धा पिणार नाही, पण डाळिंबाची शेती अशीच चालते.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, या कामात वाकबगार. नातेपुत्याच्या पुढे आत माळावर आमची जमीन आहे, सगळी मुरमाड. नांगर टाकला की आधी दगडाचा आवाज येतो. त्या जमिनीत आप्पांनी डाळिंबाची बाग उभी केली आणि ती वर्षानुवर्षं राखली. ताण कधी तोडायचा हे आजूबाजूचे लोक त्यांना विचारून ठरवायचे. आप्पा जायचे, खोडाची साल अंगठ्याच्या नखानं जराशी खरवडायचे, एखादी डहाळी वाकवून बघायचे आणि म्हणायचे, "अजून थांब. घाई करू नगंस." त्यांचं चुकायचं नाही. त्यांच्या या न चुकण्याचा मला फार अभिमान होता. त्यांना स्वतःलाही होता, आणि पुढे तोच आम्हाला नडला.

झाडं आप्पांची, तशी गाय आईची. पूर्वी आमची दावण भरलेली असायची. मग बैल गेले, म्हशी गेल्या, शेवटी एक खिलार गाय राहिली. पांढरीस्वच्छ, उंच शिंगांची आणि स्वभावानं तिरसट. आईशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. मी जवळ गेले की मान अशी उडवायची की मी आपली मुकाट्यानं मागे सरकायचे. ती आमच्याच गोठ्यात जन्मली, तिची आईही तिथलीच. आई तिला गाय म्हणायचीच नाही, नुसतं "ती" म्हणायची. फोनवर "तिनं आज वैरणीला तोंड लावलं न्हाय" असं आई सांगायला लागली की विषय कुणाचा ते मला कळायचं. आप्पा मागून ओरडायचे, "माझ्या खोकल्याचं बी सांग की तिला जरा."

त्या वर्षी मृग कोरडा गेला. पुढची नक्षत्रं नुसते ढग दाखवून गेली. मोबाईलवर पावसाचा अंदाज सांगणारे रोज नवी तारीख द्यायचे आणि ती टळली की काही झालंच नाही अशा आवाजात पुढची द्यायचे. श्रावण संपत आला तरी विहिरीत वाकून बघावं लागत होतं. गावातल्या लोकांनी हातपाय गाळले होते. गौरी-गणपतीला मी घरी गेले तेव्हा आप्पाही तसेच असतील अशी मनाची तयारी करून गेले होते. तर हे भलतेच खुशीत.

"बाग बघितलीस?" जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं.

"बघितली. वाळायला लागलीय."

"वाळत न्हाय ती. ताणावर आलीया." आप्पांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. "लोक ताण द्यायला धडपडत्यात आन मधीच पाऊस येऊन घोळ करतो. ह्या साली वरनंच बसलाय ताण. एक रुपाया खर्च न्हाय. ह्यो फुकटचा ताण हाय बाई."

त्यांचा बेत असा होता: पावसाळा गेलाच आहे, तर त्याचा फायदा घ्यायचा. आता पानगळ करायची, परतीच्या पावसावर ताण तोडायचा आणि हस्त बहार धरायचा, म्हणजे त्या पावसावर फुलं-फळं घ्यायची. सगळ्यांच्या बागा हबकलेल्या असताना आपली फळं बाजारात उभी राहतील. दुष्काळात काहीतरी हाती लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. आई ताटात कालवण वाढत होती. तिनं विचारलं, "आन पाणी?"

"हस्त हाय की. परतीचा कदी चुकलाय आपल्याकडं? आन चुकलाच तर कालवा हाय."

"कालवा आपल्या टोकापतुर कदी आलाय?"

"येतो की. उशिरा येतो, पर येतो."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली म्हणून मी काहीतरी म्हणावं असं तिला वाटत असणार. पण बागेच्या बाबतीत आप्पांना कोण सांगणार? पानांसकट झाड कसंबसं तग धरतं, हे मला माहीत होतं. पानं गाळली की झाड नव्या पालवीच्या तयारीला लागतं. तिथून मग माघार नसते, पाणी द्यावंच लागतं. हे आप्पांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं. म्हणून तर त्यांना भीती वाटत नव्हती.

मी सोलापूरला परतले आणि पाठोपाठ त्यांनी फवारणी उरकली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा आणि वर नुसत्या काड्या. ताण देताना एरवीही बाग अशीच दिसते. मी अंगठा पाठवला.

हस्ताचा पाऊस आला नाही. चित्रा गेल्या, स्वाती गेल्या. दिवाळीच्या आधी कालव्याचं आवर्तन सुटल्याची बातमी आली आणि घरात पुन्हा जीव आला. मी सुट्टीला घरी होते. आप्पा रोज सकाळी चारीवर जाऊन बसायचे. चारी म्हणजे कालव्यातून आमच्याकडे येणारा छोटा पाट. आम्ही तिच्या शेवटाला. आमच्या आधी सगळी उसाची शेतं आणि प्रत्येकाची मोटर. एके दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले. पाणी येताना आधी त्याच्या पुढे फेस आणि काटक्या येतात. आम्ही वळणाजवळच्या बाभळीखाली उभे होतो. लांबून फेस दिसला. आप्पा उठून उभे राहिले, धोतराचा सोगा नीट केला. फेस वळणापर्यंत आला आणि तिथंच थांबला. पाठीमागून रेटा येईना. बघता बघता मातीनं ते पाणी पिऊन टाकलं आणि वर ओल्या चिखलाची एक पट्टी राहिली. आप्पा खाली उतरले, त्या चिखलावर तळहात टेकवला आणि म्हणाले, "आलतं बघ." वरच्या लोकांना मी मनातल्या मनात देता येतील तेवढ्या शिव्या दिल्या. पण त्यांच्या जागी आम्ही असतो तर मोटर बंद ठेवली असती का?

त्यानंतर घरातलं सगळं पाण्याभोवती फिरायला लागलं. गावाला टँकर सुरू झाला. घरटी ठरलेली बॅरल. विहिरीत रात्रभर जे पाझरेल ते सकाळी बादल्यांनी काढायचं. प्यायचं बाजूला ठेवलं की जे उरायचं त्यावर दोघांचा डोळा. आईला ते गाईसाठी हवं, आप्पांना झाडांसाठी. झाडं शेकड्यांनी, म्हणून आप्पांनी विहिरीजवळच्या चांगल्या ओळी निवडल्या आणि झाडाला तांब्याभर याप्रमाणे घालायला लागले. तांब्याभर पाण्यानं झाडाचा घसा तरी ओला होतो का? पण घातल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. आई भाजी धुतलेलं पाणी गाईसाठी पाटीत धरायची आणि वळून बघेपर्यंत पाटी बागेत गेलेली असायची. मग मी सुट्टीला गेले की दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायची. "तुज्या बापाला म्हणावं, मुकं जनावर हाय, तिला मागता येत न्हाय." "तुज्या आईला म्हणावं, झाडाला तरी कुटं येतंय?" मी मधे बसून हसायचा प्रयत्न करायचे. हसू यायचं नाही, कारण दोघांचंही खरं होतं.

मग मार्गशीर्षात एकदा आभाळ भरून आलं आणि एक सर पडली. एकच. पन्हाळी जेमतेम वाहिली. ज्वारी पेरलेल्यांना तिचा काही उपयोग नव्हता, पेरलेलं कधीच करपलं होतं. पण ताणावर असलेल्या झाडाला ती सर पुरली. पाणी आलं, असं झाडाला वाटलं.

थोड्या दिवसांनी आप्पांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "ये. बघून जा," एवढंच म्हणाले. मी पहाटेची एसटी धरली. मोहोळ, पंढरपूर, सगळीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूला राखाडी रानं. दुपारी बागेत पोचले आणि जागीच उभी राहिले. पानं नावाला, आणि काड्याकाड्यांवर लालभडक कळी. एवढी कळी मी आमच्या बागेत कधी पाहिली नव्हती. ज्यासाठी ताण देतात, ज्यासाठी शेतकरी देवाला नारळ बोलतो, ते सगळं समोर होतं. आजूबाजूचे लोक बघायला येऊन गेले होते. एकजण जाताना म्हणाला म्हणे, "आप्पा, तुमी दुष्काळाला बी कामाला लावलं की."

मला हरखून जायला झालं. आप्पांनी एक डहाळी माझ्यापुढे धरली. "मादी कळी हाय बघ सगळी. बूड कसं घागरीवानी भरलंय. नर कळी गळून जाती, हिचं फळ व्हतं. आयुष्यात अशी कळी निघाली नव्हती माझ्या बागंत."

"मग?"

"मग काय. तोडायची."

मला वाटलं चेष्टा करतायत.

"फळ धरलं की झाड सगळं फळाला देतं. सवताला काय ठेवत न्हाय. पाणी असलं तर चालतं. पाणी न्हाय, तर फळ बी जातं आन झाड बी जातं. कळी काढली तर झाड वाचंल. बहार काय, फुडल्या साली बी धरता येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तोडायला लागलो. डाळिंबाची कळी नाजूक नसते. मेणासारखी चकचकीत आणि टणक असते. बोटांत धरून पिरगळली की तुटते आणि घमेल्यात पडली की आवाज होतो. सुरुवातीला तो आवाज मोजून येत होता, मग सारखाच यायला लागला. आप्पा झाडाकडे न बघता तोडत होते. आई बांधावर उभी होती. "भरल्या वटीची झाडं हायत," ती म्हणाली. "माज्या हातनं व्हायचं न्हाय." आप्पांनी मान वर केली नाही. तासाभरानं बघितलं तर ती पलीकडच्या ओळीत पदर खोचून तोडत होती. एकेक कळी काढताना काहीतरी पुटपुटत होती. बहुतेक झाडाची माफी मागत असावी.

विहिरीकडेचं एक झाड आप्पांनी तसंच ठेवलं. त्याच्यावर कळीही सगळ्यात दाट होती. मला वाटलं, एक तरी राहू दे, डोळ्यांना तरी. ऊन कलताना ते परत तिथं गेले आणि तेही झाड रितं करून आले. घमेली भरभरून कळी बांधाला ओतली होती. आईनं त्यातली ओंजळभर नेऊन गाईपुढे धरली. गाईनं हुंगलं आणि मान फिरवली. त्या दिवशी मला रडू आलं. मी लपवलंही नाही. आप्पा म्हणाले, "रडतीस कशाला, झाडं वाचली."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मलाही वाटलं.

माघ संपता संपता विहिरीचा पाझर आटला. कडबा तर आधीच संपला होता. चारा छावणी निघणार, निघणार असं लोक म्हणत होते. आमच्या भागात ती निघाली नाही. टँकरच्या बॅरलात आता घर भागवायचं, गाय भागवायची आणि झाडंही. गाय गाभण होती. तिला जास्त पाणी लागायचं, आणि आई स्वतःच्या आंघोळीचं पाणी तोडून तिला पाजायची. आप्पांनी महिनाभर दम धरला. मग एका संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "ती दिवसाला जेवढं पिती तेवढ्यात माझी झाडांची एक वळ जगंल."

आईचं माहेर कालव्याच्या वरच्या अंगाला आहे. तिथं ऊस आहे, वैरण आहे, हौदाला पाणी आहे. दुष्काळात जनावर असं पाहुण्यांकडे लावून द्यायची आमच्याकडे रीत आहे. जो सांभाळेल त्यानं दूध खायचं, वासरू ठेवायचं, आणि पाऊसपाणी झालं की ज्याची गाय त्यानं घेऊन जायची. मामा कधीही हो म्हणाला असता. आप्पा म्हणाले, "झाडं जगली तर दावण भरून गाई आणू तुला." आई म्हणाली, "मला दावण भरून नगं. मला ती पायजे." पण दोन दिवसांनी मामाची पिकअप दारात उभी राहिली, म्हणजे फोन त्यांनीच केला होता.

मी त्या रविवारी तिथंच होते. आईनं गाईच्या पायांवर पाणी घातलं, तेही वाटीभरच. कपाळाला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा भरवला. सगळं कुणी सासरी जावं तसं. गाय गाडीत चढेना. मामानं ओढलं, आप्पांनी मागून रेटलं. तिनं पाय असे रोवले की दावं तटतटायला लागलं. शेवटी आई स्वतः पिकअपच्या हौद्यात चढली आणि वरून तिला हाक दिली. तेव्हा ती चढली. मग आई खाली उतरलीच नाही. "चला," म्हणाली. गाईच्या गळ्यात हात टाकून, उभ्या उभ्या, भर उन्हात ती माहेरापर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आली. मी सोमवारी ऑफिसला दांडी मारली, आप्पांना एकटं टाकून निघवेना.

आल्यावर आईनं पिशवी ठेवली आणि आप्पांना एवढंच म्हटलं, "आता तिचं पाणी झाडास्नी घाला."

तेवढ्यावर ती थांबली नाही. रोज संध्याकाळी गाईला पाजायच्या वेळेला ती गाईच्या वाटणीची बादली भरायची आणि स्वतः बागेत नेऊन ओतायची. रागानं नेत होती की झाडं खरंच जगावीत म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. आप्पा तिच्या हातातली बादली घ्यायला जायचे. ती द्यायची नाही.

सोलापुरात माझ्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ते आलं की मी पिंप, हंडे, पातेली, अगदी वाट्यासुद्धा भरून ठेवते. इमारतीतले लोक मला हसतात. त्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सुरू ठेवून गाडी धूत होतं आणि मी गॅलरीतून एवढ्या जोरात ओरडले की माझं मलाच दचकायला झालं. मला सगळ्यांचाच राग यायचा. वरच्या उसवाल्यांचा, तारखा देणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त आप्पांचा. पानं ठेवली असती तर? हा प्रश्न फोनवर माझ्या जिभेवर यायचा आणि मी हवापाण्याचं विचारायचे. मग हवापाण्याचं तरी काय विचारायचं, असं होऊन फोन ठेवायचे.

झाडं एकदम मेली नाहीत. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आप्पा रोज सकाळी एकेका खोडाला नख लावायचे. सालीखाली हिरवं दिसलं की पुढे जायचे. मग हिरव्याची रेघ बारीक व्हायला लागली. मग काही झाडांना ती बुडाशीच दिसायची. मग तिथंही नाही. चैत्रात एक ओळ गेली. आप्पा तिला पाणी घालतच राहिले. आई म्हणाली, "ती गेलीया, अवो. जित्त्या झाडाला तरी घाला." ते म्हणाले, "मुळं जित्ती असत्यात." वैशाखात त्यांनी कुदळीनं एका झाडाचं मूळ उघडं केलं, बोटानं मोडून बघितलं. काडेपेटीतल्या काडीसारखं मोडलं. त्यानंतर ते बागेकडे जायचे बंद झाले. सकाळी उठून ओसरीवर बसायचे आणि ऊन अंगावर आलं की खाट सरकवून घ्यायचे. ज्या माणसाला विचारून लोक ताण तोडायचे, त्याला आता कुणी काही विचारत नव्हतं. येणारे जाणारे रस्त्यावरूनच हात करायचे.

शेवटी जेसीबी बोलावला. एका सकाळीत बाग उपटून झाली. डाळिंबाचं लाकूड वाळलं की दगडासारखं होतं. ते भट्टीवाला घेऊन गेला. आप्पांनी ठिबकच्या नळ्या गुंडाळून गोठ्यात ठेवल्या. गोठा रिकामाच होता, जागा भरपूर होती.

आणि पुढच्या साली पाऊस आला. वेळेवर आला, पोटभर आला, नको म्हणेपर्यंत आला. विहीर काठापर्यंत भरली. जिथं बाग होती तिथं खड्ड्याखड्ड्यांत पाणी साठून बेडूक ओरडायला लागले. लोक मला ऑफिसात म्हणाले, "यंदा तुमच्याकडे बरंय ना?" मी हो म्हटलं. बांधाबांधाला गुडघ्याएवढं गवत माजलं होतं आणि ते खायला आमच्याकडे तोंड नव्हतं.

त्या गवतामुळेच आप्पा उठले असावेत. ओसरी सोडून ते कामाला लागले. गोठ्यावरचे पत्रे नीट केले, नळ्या काढून बाहेर टाकल्या, जमिनीवर मुरूम टाकून चोपून काढला. नवा खुंटा ठोकला. बाजारात नायलॉनची दावी मिळतात, पण ती तिच्या मानेला काचतात म्हणून त्यांनी घायपाताच्या वाखाचं दावं स्वतः वळलं. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी गाय घरी आणायची असं ठरलं. आणायला आई जाणार, कारण दुसऱ्या कुणाच्या हाकेनं ती गाडीत चढायची नाही. मी रजा काढून आले होते. आई जाताना नवं लुगडं नेसली. किती महिन्यांनी ती दोघं एकमेकांशी नीट बोलत होती.

ती यायच्या दिवशी आप्पांनी सकाळीच हिरवं गवत कापून आणलं, दगड निवडून काढून दावणीत पसरलं. दगडी डोण घासून घासून धुतली आणि विहिरीच्या ताज्या पाण्यानं काठोकाठ भरली. एकदा भरली, मग त्यात काडी पडली म्हणून ओतून पुन्हा भरली. ते पाणी ओतताना त्यांचा हात जरा थबकला, तेवढंच. दुपारपासून ते रस्त्याच्या कडेला उभे होते. मी म्हटलं, बसा की. म्हणाले, "आलीच आता."

मामाची पिकअप वळणावर दिसली. दारात येऊन थांबली. आई मामाच्या शेजारून उतरली. मागचा हौदा रिकामा होता. तो लांबूनही दिसत होता, तरी आप्पा गाडीच्या मागे गेले, फळी धरून आत वाकून बघितलं आणि तसेच उभे राहिले.

"दिली न्हाय त्यानं?" त्यांनी विचारलं.

"तो कशाला न्हाय म्हणंल? दावं त्यानंच सोडून माज्या हातात दिलं." आईनं पदरानं तोंड पुसलं. "वळाकलं मला. काखंत तोंड घालून उभी राहिली. गाडीपतुर आली बी माज्यामागं. मग माझंच पाऊल उचलंना. ह्या साली पाऊस पडलाय. फुडल्या साली न्हाय पडला तर? परत मी तिला वर चढून हाका मारू?"

मामानं गाडी वळवून घेतली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. आई चप्पल काढून ओसरीच्या पायरीवर बसली. नेसलेलं लुगडं नवंच होतं, त्यावर पांढरे केस चिकटले होते. ते ती झटकत नव्हती. मला वाटलं आता आप्पा चिडतील, निदान चिडावेत.

"पोटभर पाणी पिती का तितं?" त्यांनी विचारलं.

"पिती."

"मग ऱ्हाऊ दे तितंच," आप्पा म्हणाले.